ढोलीतले पिल्लू, घरातला ताप

होळीच्या मागेपुढे जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पळस फुलतो, सावरीवर लाल फुले येतात आणि पोपटांचे थवे या झाडांवर उतरतात. हाच त्यांचा विणीचा काळ. जुन्या झाडांच्या ढोलीत अंड्यांतून पिल्ले बाहेर आलेली असतात आणि कोणत्या झाडाला कोणती ढोली आहे, हे पाड्यावरच्या पोरांना पाठ असते. एखादा मुलगा वर चढतो, ढोलीत हात घालतो आणि पिसेही न फुटलेले एखाद-दुसरे पिल्लू टोपीत घालून खाली उतरतो. त्यानंतर दोन वाटा असतात. एक तर ते पिल्लू घरातच वाढून ‘राघू’ होते, नाहीतर कुणाच्या तरी हातून शहराकडे जाते. पक्ष्याचे काय होते आणि कायदा काय म्हणतो, याची चर्चा अधूनमधून होते. त्या घरातल्या माणसांच्या आरोग्याचा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. पिल्लू घरी आणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा क्रूरपणा नसतो, माया असते. घरात पोपट बोलता झाला की आजीला सोबत होते, मुलांना खेळगडी मिळतो. म्हणूनच ‘पक्षी पाळू नका’ एवढे एक वाक्य भिंतीवर लिहून काम होत नाही. ज्याला पिल्लाची माया आहे, त्याला पिल्लाला काय लागते आणि ते आपल्याला काय देऊन जाऊ शकते, हे नीट सांगावे लागते.

पक्ष्यांच्या पिल्लांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. कोंबडीचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांतच डोळे उघडून चालते आणि स्वतः दाणे टिपते. त्याला ऊब आणि राखण हवी असते, भरवावे लागत नाही. पोपट, साळुंकी, कबुतर, चिमणी यांची पिल्ले मात्र आंधळी, उघडी आणि पूर्णपणे परावलंबी जन्मतात. पोपटाचे पिल्लू साधारण सहा ते सात आठवडे ढोलीतच असते. या काळात आई-बाप स्वतः खाल्लेले अन्न अर्धवट पचवून, उबदार आणि ओले करून त्याच्या चोचीत ओततात. दिवसातून किती वेळा, किती पातळ, कोणत्या वयात किती घट्ट, हे सगळे ते जोडपे जाणते. माणसाला ते वाटी-चमच्याने करावे लागते आणि तिथेच बहुतेक पिल्ले हातची जातात.

पिल्लाच्या गळ्याशी, छातीच्या वरच्या बाजूला, अन्न साठवण्याची एक पिशवी असते. भरवलेले अन्न आधी तिथे थांबते आणि मग हळूहळू पुढे सरकते. ते पुढे सरकण्यासाठी अन्न साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम असावे लागते. त्याहून बरेच गरम असेल तर पिशवी आतून भाजते, गार असेल तर अन्न तिथेच थांबून आंबते. चुलीवरून उतरलेली पेज बोट बुडवून पाहून भरवली, तर हा फरक कळत नाही. श्वासनलिकेचे तोंड पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच उघडते. तहान लागली असेल म्हणून चोचीत पाण्याचे थेंब सोडले, की ते पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. रात्री बरे दिसणारे पिल्लू सकाळी मेलेले आढळते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. लोक त्याला नजर म्हणतात किंवा थंडी म्हणतात.

यातून वाचलेल्या पिल्लाला पुढे काय मिळते? मऊ भात, दुधात बुडवलेले बिस्कीट, मिरची आणि पेरू. पक्षी दूध पिणारा प्राणी नाही. दुधातली साखर पचवण्याची सोय त्याच्या पोटात नसते, त्यामुळे हगवण लागते. नुसत्या भातात कॅल्शियम नगण्य असते आणि घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ऊन नसते. महिनाभरात पाय वाकडे होतात, पंख नीट धरत नाहीत, हाडे सहज मोडतात. माणसाच्या मुलाला होतो तोच हा मुडदूस. ज्या तालुक्यांत मुलांची दंडाची मापे आणि वजने घेणे हे अंगणवाडीचे रोजचे काम आहे, तिथे ही गोष्ट समजावून सांगायला वेळ लागू नये. पोट भरणे म्हणजे पोषण होणे नव्हे. हे वाक्य बाळाला लागू आहे, तसे पिल्लालाही.

आता माणसाळण्याविषयी. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी १९३५ साली हंसांच्या पिल्लांवरचे आपले निरीक्षण मांडले. अंड्यातून बाहेर आल्यावर ठरावीक काळात पिल्लासमोर जो हलता जीव येतो, त्यालाच ते आई मानते आणि त्याच्याच मागे चालते. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी त्यांना १९७३ साली दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. पोपटासारख्या परावलंबी पिल्लांत ही छाप सावकाश पडते, पण पडते. माणसाच्या हातून वाढलेला पोपट स्वतःला पोपट समजायला शिकत नाही. थव्याची हाक, शिकरा आल्यावर द्यायचा इशारा, कोणते फळ कधी पिकते, जोडीदार कसा निवडायचा, हे शिकवणारे त्याच्याजवळ कुणी नसते. तो माणसाच्या खांद्यावर बसतो, कारण त्याला दुसरी जागा माहीत नसते.

म्हणूनच वर्षभराने दया येऊन पिंजरा उघडला, तरी ती सुटका ठरत नाही. असा पक्षी माणसाकडेच परत येतो किंवा पहिल्याच दिवशी मांजराच्या, कावळ्याच्या तावडीत सापडतो. सांभाळला तर पोपट वीस-पंचवीस वर्षे जगू शकतो. एका दुपारी ढोलीत घातलेला हात इतक्या वर्षांचा निर्णय घेत असतो.

या सगळ्याचा डॉक्टरांशी संबंध काय, असे कुणी विचारेल. त्याचे उत्तर जुने आहे. १८७९ साली स्वित्झर्लंडमधल्या उस्टर या गावी याकोब रिटर नावाच्या डॉक्टरांनी एका घरातल्या विचित्र न्यूमोनियाची नोंद केली. सात जण आजारी पडले, तिघे दगावले, आणि संशय परदेशातून आणलेल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवर गेला. ग्रीक भाषेत पोपटाला ‘सिटाकोस’ म्हणतात. त्यावरून या आजाराला सिटॅकोसिस हे नाव पडले. त्याचा जिवाणू क्लॅमिडिया सिटॅसी. पुढे १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून विक्रीसाठी गेलेल्या पोपटांबरोबर हा आजार अनेक देशांत पोहोचला. अमेरिकेत त्याचा शोध घेणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेतलेच अनेक जण आजारी पडले आणि एका सहायकाचा मृत्यू झाला. जानेवारी १९३० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना पोपटांच्या आयातीवर बंदी घालावी लागली. हे सगळे जुने झाले असेही नाही. २०२४ च्या सुरुवातीला युरोपातल्या पाच देशांत या आजाराचे रुग्ण नेहमीपेक्षा वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने कळवले. त्यात पाच मृत्यूंची नोंद होती.

हा जिवाणू पक्ष्याच्या विष्ठेत, नाकाडोळ्यांतल्या पाण्यात आणि पिसांच्या कोंड्यात असतो. वाळलेल्या विष्ठेत तो बराच काळ टिकतो. पिंजरा झाडताना उडालेली धूळ श्वासातून आत गेली, की पुरेसे होते. चोचीला ओठ लावून दाणा भरवण्याची हौस त्याहून धोक्याची. पक्षी स्वतः आजारी दिसेलच असे नाही. तो वरवर ठणठणीत असतो आणि उपासमार, प्रवास, दाटीवाटी असा ताण आला की जिवाणू बाहेर टाकू लागतो. ढोलीतून काढलेल्या, टोपलीत कोंबलेल्या पिल्लावर हे तीनही ताण एकदम येतात.

माणसाला साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप येतो, डोके ठणकते, अंग दुखते आणि कोरडा खोकला लागतो. आजार वाढला तर न्यूमोनिया होतो. उपचार न मिळालेल्या काळात शंभरातले पंधरा-वीस रुग्ण दगावत असत. योग्य प्रतिजैविक मिळाले, तर मृत्यू क्वचितच होतो. ‘योग्य’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. न्यूमोनियाला नेहमी दिली जाणारी अमॉक्सिसिलिनसारखी औषधे या जिवाणूवर नीट चालत नाहीत. मोठ्यांना डॉक्सिसायक्लिन आणि लहान मुलांना व गरोदर बाईला अॅझिथ्रोमायसिनसारखे औषध लागते. ही महाग किंवा दुर्मिळ औषधे नाहीत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची, पण ती द्यायला हवीत हे डॉक्टरला सुचले पाहिजे.

आणि ते सुचणेच अवघड आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यात तापाचा रुग्ण आला की डॉक्टरांच्या मनात आधी हिवताप येतो, मग डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस. खोकला लांबला तर क्षयरोग. हा क्रम बरोबरच आहे, कारण तेच आजार इथे जास्त आहेत. सिटॅकोसिसची तपासणी नेहमीच्या चाचण्यांत होत नाही आणि तालुक्याच्या ठिकाणी ती उपलब्धही नसते. त्यामुळे निदानाचे एकच साधन उरते, ते म्हणजे प्रश्न. ‘घरात पक्षी आहे का? गेल्या महिन्यात पिल्लू आणले होते का? ते मेले का?’ हे विचारायला अर्धे मिनिट लागते. पण विचारले नाही, तर रुग्ण ते आपणहून सांगत नाही. पोपटाचा आणि खोकल्याचा संबंध त्याच्या मनात नसतोच. असला तर कायद्याची भीती त्याला गप्प बसवते.

दुसरा त्रास अधिक संथ आहे. पिसांचा कोंडा आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली, तर काही जणांच्या फुप्फुसात अॅलर्जीची सूज येते आणि पुढे फुप्फुस कडक होत जाते. मुंबईत २०२५ साली कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला, तेव्हा हा आजार पहिल्यांदा घराघरांत चर्चेला आला. यात जंतू नसतो. त्यामुळे प्रतिजैविकाने काही होत नाही. उपचाराची पहिली पायरी म्हणजे त्या धुळीपासून दूर होणे. चूल, विडी आणि वीटभट्टीची धूळ यांनी आधीच दमलेल्या छातीवर पिंजऱ्याची भर कशाला?

तिसरा धोका हातातून तोंडात जाणारा. पिल्लांच्या विष्ठेत साल्मोनेला जातीचे जिवाणू असू शकतात, कोंबडीच्या पिल्लांतही असतात. मोठ्या माणसाला त्यातून दोन दिवसांची हगवण होईल. दोन वर्षांच्या कुपोषित बाळाला तीच हगवण तीव्र कुपोषणात ढकलू शकते. घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर बाई किंवा म्हातारे माणूस असेल, तर पिल्लाला हाताळण्याचे नियम अधिक कडक हवेत, ते यासाठी.

बर्ड फ्लूचे नाव निघाले की लोक घाबरतात, आणि महिन्याभराने विसरतात. भारतात पाळीव कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदा आढळला, तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो शेजारच्या शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आला होता. माणसाला तो सहज होत नाही. पण २०२१ साली हरियाणातला एक मुलगा आणि २०२५ साली आंध्र प्रदेशातली दोन वर्षांची मुलगी या विषाणूने दगावली. म्हणून एक नियम मुलांना पाठच करून द्यावा. अचानक मेलेल्या किंवा मान टाकलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचे.

या धोक्यांचे माप मात्र नीट ठेवले पाहिजे. या तालुक्यांत मुलांच्या जिवावर उठणाऱ्या गोष्टींच्या यादीत पोपट वरच्या क्रमांकावर नाही. कुपोषण, रक्तक्षय, सर्पदंश, वेळेवर न मिळालेली रुग्णवाहिका या गोष्टी त्याच्या कितीतरी आधी येतात. मग एका पक्ष्यासाठी एवढा मजकूर का? कारण हा धोका टाळायला पैसा लागत नाही. रस्ता लागत नाही, यंत्र लागत नाही, मंजुरी लागत नाही. माहिती लागते. जिथे बाकी सगळ्याची वाट पाहावी लागते, तिथे फुकट टळणारा आजार टाळलाच पाहिजे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार आपल्याकडचा पोपट पकडणे, विकणे आणि बाळगणे हा गुन्हा आहे. या कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दात रानपक्ष्याला पकडणे, त्याची अंडी काढणे आणि घरटे मोडणेही येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना गौण वनोपजाचे हक्क दिले, पण शिकारीचा आणि सापळ्याचा हक्क त्यातून वगळला. दुकानात मिळणारे रंगीत बजरीगर, कॉकटेल, लव्हबर्ड हे परदेशी पक्षी वेगळ्या नियमांत येतात. ‘दुकानात पोपट मिळतो, मग आमचाच का गुन्हा?’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

पण हा कायदा कुणावर पडतो, याचाही विचार व्हावा. झाडावर चढतो तो बारा वर्षांचा मुलगा. पडला तर पाय त्याचा मोडतो, आजार त्याच्या घरात येतो आणि पकडला गेला तर बापाचा दिवस बुडतो. पिल्लू शहरात पोहोचते तेव्हा त्याची किंमत कितीतरी पटींनी वाढलेली असते. ती वाढ कुणाच्या खिशात जाते, हे सांगायला अर्थशास्त्री नको. दंडुका उगारायचाच असेल, तर तो खरेदी करणाऱ्यावर आणि मधल्या दलालावर आधी उगारला जावा. पाड्यावर मात्र आधी सांगणारा माणूस जावा. धाक दाखवून माहिती बंद होते. माहिती बंद झाली की डॉक्टरच्या प्रश्नालाही खरे उत्तर मिळत नाही.

मग मुलांनी काय करावे? घरट्यातून पडलेले पिल्लू सापडले तर आधी नीट पाहावे. अंगावर पिसे आलेली असतील आणि ते उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकते आहे. आई-बाप जवळच असतात. त्याला तिथेच सोडावे, फार तर कुत्र्या-मांजराच्या वाटेतून उचलून फांदीवर ठेवावे. उघडे, डोळे मिटलेले पिल्लू असेल आणि घरटे हाताला येत असेल, तर परत घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज चुकीचा आहे. घरटे फार उंच असेल किंवा पिल्लू जखमी असेल, तर पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापडावर उबेत ठेवावे. पाणी पाजू नये, दूध पाजू नये, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. नंतर साबणाने हात धुवावेत.

ज्यांच्या घरी आधीच पक्षी आहे, त्यांनी तो घाबरून उडवून देऊ नये. त्यासाठीही १९२६ आहे. तोवर पिंजरा झोपण्याच्या आणि स्वयंपाकाच्या जागेपासून दूर, पडवीत टांगावा. विष्ठा कोरडी झाडू नये, पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसावी आणि नाकातोंडाला रुमाल बांधावा. तोंडाने दाणा भरवणे आजच बंद करावे. घरात कुणाला ताप-खोकला आला, तर दवाखान्यात गेल्याबरोबर पक्ष्याचे सांगावे. डॉक्टर पोलिसात कळवायला विचारत नसतो.

मुलांना पिल्लू वाढवण्याची हौस असेल, तर त्या हौसेला जागा आहे आणि ती घरातच आहे. गावठी कोंबडीची पिल्ले हाताला सवय झाली की मागे मागे फिरतात, हाकेला येतात. त्यांना भरवावे लागत नाही, डालग्याखाली ऊब दिली की पुरते. पहिल्या आठवड्यात मानमोडीची लस डोळ्यात थेंब टाकून देता येते. पशुवैद्यकीय दवाखान्यात तिची चौकशी करावी. एखाद्या मुलाला तीन पिल्ले सांभाळायला दिली, तर सहा महिन्यांनी तो घरात अंडे आणतो. अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत मुलांना अंडे किंवा केळे देण्याची सोय सरकारला करावी लागली. घरच्या खुराड्यातले अंडे त्याला जोड ठरेल. नियम इथेही तेच. रात्री कोंबड्या माणसांच्या खोलीत नकोत आणि हाताळल्यावर साबण हवा.

राहिले यंत्रणेचे काम. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले, तेव्हा राज्याचे डोळे उघडले. त्यानंतर या पट्ट्यात अंगणवाडी सेविका आणि पुढे आशा यांचे जाळे दारापर्यंत पोहोचले. त्याच जाळ्यातून हा प्रश्न जाऊ शकतो. होळीच्या आधी, विणीच्या काळात, आश्रमशाळांत एक तास या विषयाला द्यावा. वनरक्षक, पशुवैद्यक आणि आरोग्यसेवक यांनी तो मिळून घ्यावा, कारण पक्ष्याचा आजार, जंगलाचा कायदा आणि माणसाचा ताप हे तीन खात्यांचे तीन विषय नाहीत. मुलांकडून परिसरातल्या ढोल्यांची यादी करून घ्यावी आणि पिल्ले उडेपर्यंत लांबून पाहण्याचे काम त्यांनाच द्यावे. ज्याला प्रत्येक ढोली ठाऊक आहे, त्याच्यासारखा राखणदार दुसरा नाही.

आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कुटीर रुग्णालयापर्यंत तापाच्या केसपेपरवर ‘प्रवास’ आणि ‘डास’ यांच्या खाली आणखी एक ओळ वाढवावी: घरात पक्षी आहे का? शाई तेवढीच लागेल. एखाद्या न्यूमोनियाचे औषध त्यामुळे तिसऱ्या दिवशी बदलण्याऐवजी पहिल्याच दिवशी बरोबर सुरू होईल.